तुझ्यापायी

४ फेब्रुवारी, मंगळवार

वारा नाही.

आयुष्यभर गोदीत क्रेन चालवली. पाळी संपली की नोंदीत आधी वारा लिहायचा, मग माल, मग बिघाड. निवृत्त झाल्यावर माल संपला, बिघाड वाढले, पण वारा लिहिल्याशिवाय पेन अजून पुढे सरकत नाही.

आज भिंगरीला तपासायला नेलं. भिंगरी म्हणजे माझी लेक. लहानपणी ही एका जागी उभी दिसली की ताप आलाय असं समजायचं, म्हणून हे नाव. आता शाळेत मुलांना खेळ शिकवते. आठवा महिना सरत आला तरी रस्त्यात माझ्या चार पावलं पुढे असते. जावई जहाजावर आहे, तो एवढ्यात येत नाही, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. अशा वेळी पोरीला एकटं कसं ठेवायचं? मग बाप कशाला असतो? आल्या आल्या तिने माझ्या गोळ्यांचे डबे लावले, पडदे धुतले, आणि 'मला एकटीला चालायचा कंटाळा येतो' म्हणून रोज संध्याकाळी मला बाहेर काढते. माझ्या डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंच होतं, तेही आयतं होतंय.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बाळ दाखवलं. मला त्यात नुसतं धुकं दिसलं. त्या बोट फिरवत म्हणाल्या, "हे डोकं. अजून वरच आहे. आणि हा एक पाय बघा, खाली सोडून बसलंय."

मी म्हणालो, "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्याकडे पाळण्याच्या आधीच दिसले."

बाई हसल्या. भिंगरीने मला कोपराने ढोसलं.

बाहेर आल्यावर मात्र मला राहवेना. म्हणालो, "अगं, पायाळू आहे! आजोबावर गेलंय!"

कारण मीही पायाळू, पायांकडून जन्मलेला. आमच्या घरात ही मोठी मिरवायची गोष्ट होती. कुणीही आलं की आई ती रंगवून सांगायची. दोन बोटं टेबलावर चालवत म्हणायची, "बाकीची पोरं डोक्यावर पडतात, म्हणून पुढे तशीच वागतात. माझा मात्र दोन पायांवर उतरला. उतरला आणि मला म्हणाला, आई, जरा सरक, मला कामाला जायचंय." सगळी खोली हसायची, आणि मी कोपऱ्यात छाती फुगवून बसलेला असायचो. भिंगरीनेही ती गोष्ट आजीच्या मांडीवर बसून शंभरदा ऐकली आहे. आज रस्त्यातच तिने पोटावर दोन बोटं चालवून दाखवली. दोघंही हसलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

वारा मंद.

अक्काला फोन केला. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आम्ही दोघंच. ती बसने तीन तासांवर राहते आणि फोनवर माझ्यावर तिथूनच ओरडते.

म्हणालो, "अक्का, घराण्याचं नाव राखलं! नातवंड पायाळू आहे."

मला वाटलं फोन कटला.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिने विचारलं.

"अजून वळू शकतं म्हणाले. नाही वळलं तरी मी आहेच की उदाहरण! आईची ती गोष्ट सांगायला हवी डॉक्टरांना."

"वळेल," अक्का म्हणाली. "वळायलाच पाहिजे." आणि लगेच, "ठेव आता, दूध उतू जातंय."

या बाईचं दूध नेमकं माझ्याच फोनच्या वेळी कसं उतू जातं कोण जाणे. म्हातारपणात माणसाला दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही हेच खरं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वारा नाही. घरात मात्र वादळ.

भिंगरीला कुणीतरी सांगितलं की कंबर उंच आणि डोकं खाली करून राहिलं तर बाळ वळतं. बाई म्हणाल्या होत्या, "त्रास होत नसेल तर करा, पण वळेलच अशी खात्री नाही." मग काय, सकाळ-संध्याकाळ पोरगी दिवाणखान्यात गुडघ्यांवर, कपाळ सतरंजीला टेकवलेलं. दूधवाला दारात आला आणि घाबरून म्हणाला, "ताईंचं काही हरवलंय का?"

आवाज पोटाच्या खालच्या बाजूला लावला तर बाळ तो ऐकायला डोकं तिकडे आणतं, असंही तिने ऐकलं. म्हणून मी रेडिओ धरून बसलो. बातम्या लागल्या. भिंगरी म्हणाली, "बाबा, या बातम्या ऐकून ते उलट आणखी वर जाईल." स्टेशन बदललं. गाणं लागलं, तर बाळाने अशी लाथ मारली की रेडिओ माझ्या हातात हलला.

तिच्या पोटाला हात लावायचा मला अजून संकोच वाटतो. आज तिनेच माझा हात धरून बरगडीखाली ठेवला. "हे डोकं. गोल लागतंय ना?" टणक, गोल, लिंबाहून मोठं, नारळाहून लहान. मी हात काढूनच घेईना. या वयात असं काही माझ्या तळहाताखाली येईल असं वाटलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

वारा बरा. बाळ होतं तसंच, पाय रोवून.

बाई म्हणाल्या, गुरुवारी या, बाहेरून हातांनी वळवून बघू. गर्भाशय सैल पडायला इंजेक्शन देतात आणि पोटावरून बाळाला हळूहळू कोलांटी मारायला लावतात. निम्म्या वेळा जमतं, निम्म्या वेळा नाही. मला हे फार पटलं. माल वाकडा आला तर खाली टेकवायच्या आधी हवेतच वळवतात.

निघताना भिंगरीची पिशवी वरच्या खणात होती. मी उजव्या हाताने काढली, तेव्हा बाईंनी विचारलं, "डावा हात वर जात नाही का तुमचा?"

"खांद्याच्या वर नाही. लहानपणी पाळण्यातून पडलो होतो. पण क्रेनचे दांडे कमरेपाशी असतात, त्यामुळे कधी अडलं नाही."

"आणि तुमचा जन्म कसा झाला होता, काही माहीत आहे?"

मला तेच हवं होतं. "पायाळू!" मी म्हणालो. "घरीच. एकदम झटपट."

बाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग त्यांनी भिंगरीकडे बघितलं. छाप पडली असावी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वारा बघायचा राहिला.

जावई नाही म्हणून मला आत बसू दिलं. भिंगरीच्या डोक्यापाशी स्टूल. बाळाचे ठोके यंत्रावर ऐकू येत होते, शिवणयंत्र भरधाव चालावं तसे. बाईंनी एक हात बाळाच्या बुडाखाली घातला, दुसरा डोक्यावर, आणि ढकलायला सुरुवात केली. मला वाटलं होतं हे हळुवार काम असेल. पण बाईंच्या दंडाच्या शिरा दिसत होत्या. भिंगरीने माझी बोटं अशी आवळली की अंगठी रुतली. तोंडातून आवाज मात्र काढला नाही.

पोटाचा आकार बदलत गेला. उभं होतं ते आडवं झालं. नर्स म्हणाली, "आलं, आलं!" आणि तेवढ्यात शिवणयंत्र मंदावलं. ठोका... मग थांबून ठोका.

बाईंनी दोन्ही हात एकदम उचलले, चटका बसल्यासारखे. मी यंत्राकडे बघत होतो. मग ठोके परत आले, आधीसारखेच भरधाव. बाळ सरकून परत जागेवर गेलं. थोड्या वेळाने बाईंनी एकदा आणखी प्रयत्न केला. ते अर्ध्यावर आलं आणि पुन्हा मागे. बाई म्हणाल्या, "बास. याच्यापुढे जबरदस्ती नाही."

मी त्यांना तिथेच हात जोडले. क्रेनवरही हीच खरी विद्या. उचलता कुणालाही येतं, वेळेवर थांबता आलं पाहिजे.

मग त्या समजावून बोलल्या. ऑपरेशन करून बाळ काढूया, सव्वीस तारखेला. भिंगरी म्हणाली, "आणि नको म्हटलं तर?"

"तर कळांची वाट बघायची. पण असं बघा, बाळाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे डोकं. ते आधी आलं की बाकीचं सहज येतं. पाय आधी आले तर डोकं शेवटी राहतं, आणि ते अडकलं तर आपल्या हातात वेळ नसतो. कधी हात वर अडकतात, सोडवताना दुखापत होते. आणि बाळाचा एक पाय खाली आहे, म्हणजे पाणी गेल्यावर नाळ आधी घसरण्याचीही भीती असते. निर्णय तुमचा. पण माझी बहीण असती तर तिला मी ऑपरेशनच सांगितलं असतं."

"माझ्या आजीने घरी केलं," भिंगरी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. खरंच होतं ते.

परत येताना भिंगरी ऑपरेशनच्या खोल्यांसमोरून आली नाही, लांबच्या जिन्याने उतरली. एवढं सगळं झाल्यावर वर पाय मोकळे करायची हौस! हिची आई गेली तेव्हा याच बोळात आम्ही दोघं बसलो होतो, बाकं मात्र आता बदलली आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वारा पडलेला.

"मी ऑपरेशन करणार नाही," भिंगरीने सकाळी जाहीर केलं. "बाबा, तुम्ही आलातच ना? आजी दुसऱ्या दिवशी कामाला लागली होती. माझं शरीर धडधाकट आहे. मला हे जमेल."

मी म्हणालो, "खाण तशी माती! शेवटी नात कुणाची?"

ती हसली आणि लगेच उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

आता वहीत खरं लिहायचं तर मला जेवण गेलं नाही. ते ठोके मंदावले तेव्हाचा आवाज कानातून जात नाही. पण डॉक्टर लोक घाबरवतातच, त्यांना तेच शिकवलेलं असतं. आणि भिंगरीला भीती कसली? झाडावरून पडून हात मोडला तेव्हा डोळ्यात टिपूस नव्हतं. तिचा निर्णय आहे, आणि आमच्या घरात उदाहरण आहे. मी तर चालतं-बोलतं उदाहरण. मग ताट तसंच का राहिलं?

१६ फेब्रुवारी, रविवार

वारा मंद.

भिंगरीने अक्काला फोन लावला. मी बाजूलाच होतो. म्हणाली, "आत्या, आजीची ती गोष्ट पुन्हा सांग ना. बाबांच्या जन्माची. मला आत्ता ती ऐकायची आहे. मीही तसंच करायचं ठरवलंय."

मग ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "आत्या? आत्या, रडतेस का तू?"

मी फोन घेतला. "काय झालं अक्का? दूध?"

"गप बस," अक्का म्हणाली. "मी येते. बुधवारची बस धरते. तोपर्यंत पोरीला काही शहाणपणा शिकवू नकोस."

एवढ्या वयात, त्या गुडघ्यांनी, तीन तास बसमध्ये! मी नको म्हणालो, पण तिने फोन ठेवून दिला होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहायला हात धजत नाही. पण आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

अक्का दुपारी आली. पाणी प्यायली, भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मला म्हणाली, "समोर बस. आणि मधे बोलू नकोस. हे एकदाच सांगणार आहे."

मी बसलो. भिंगरी दाराला टेकून उभी होती.

"तू पाळण्यातून पडला नाहीस," अक्का म्हणाली. "आपल्याकडे पाळणा होताच कुठे?"

मी म्हणालो, "मग हात?"

"म्हटलं ना, मधे बोलू नकोस. तो ओढला तुझा. सुईण चांगली होती, तिला बोल लावू नकोस. पाय आले, अंग आलं, आणि हात वर डोक्यापाशी अडकले. तिने ओढून काढला नसता तर तू आज इथे नसतास. पण हे शेवटचं. त्याआधी दोन दिवस गेले. मी दाराबाहेर बसून होते, मला आत घेत नव्हते. पहिल्या दिवशी आई ओरडत होती. मी कानात बोळे घातले. दुसऱ्या दिवशी ओरडायची थांबली, तेव्हा बोळे काढले आणि दाराला कान लावला. ते जास्त वाईट होतं."

तिने टेबलावरचा चमचा सरळ केला.

"तू आलास तो निळा. हलला नाहीस, रडला नाहीस. तुला घोंगडीवर ठेवलं बाजूला आणि सगळ्या आईकडे धावल्या, कारण आई चालली होती. रक्त थांबत नव्हतं. तुझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. मी आत शिरले. मला काय कळत होतं? पण तू एकटाच पडला होतास. म्हणून तुझं अंग चोळत बसले, बाहुली पुसावी तसं. किती वेळ ते माहीत नाही. मग तू शिंकलास. रडायच्या आधी शिंकलास."

या बाईला मी आयुष्यभर कटकटी म्हणत आलो.

"आई अंथरुणातून उठली ती ऋतू बदलल्यावर," अक्का म्हणाली. "तुला धाकटं भावंड का नाही, कधी विचारलंस तिला?"

विचारलं होतं. 'तू एकटाच दोघांना पुरून उरतोस,' म्हणाली होती. त्यावरही आम्ही हसलो होतो.

"उठल्यावर तिने मला समोर बसवलं, आता तुला बसवलंय तशी. म्हणाली, 'याला यातलं काही कळता कामा नये. तुझ्यापायी मी मरता मरता वाचले, असं ज्या पोराला ऐकवतात ते पोर जन्मभर मान खाली घालून चालतं. तुझ्यापायी हा शब्द या घरात कुणी काढायचा नाही.' माझ्याकडून वचन घेतलं. मग बायका विचारायला आल्या, बाळंतपण कसं झालं म्हणून, तर तिने ती दोन बोटांची गोष्ट काढली. तिथल्या तिथे रचली! सगळ्या पोट धरून हसत होत्या, आणि मी न्हाणीत जाऊन ओकले."

मी उठून ठिबकणारा नळ घट्ट केला.

मग भिंगरी बोलली. तिचा आवाज मी ओळखला नाही, पाच-सहा वर्षांची होती तेव्हाचा वाटला. "आत्या, मला भीती कळांची नाहीये. मला त्या खोलीची भीती वाटते. आई चालत आत गेली होती. मला म्हणाली, येतेच. आणि आलीच नाही. त्या दारातून मला जायचं नाहीये. म्हणून मी आजीचं नाव पुढे करत होते."

मी तिच्या शेजारी त्याच बोळात बसलो होतो. तरी मला सुचलं नाही. मी आपला 'खाण तशी माती' करत होतो.

अक्काने तिला जवळ ओढलं. "भीती वाटू दे. भीती घेऊनच जा, पण जा. माझ्या आईला ते दार मिळालं असतं ना पोरी, तर ती धावत गेली असती."

भिंगरी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "बाबा, बाईंना फोन लावा. सव्वीस तारीख नक्की करा."

२० फेब्रुवारी, गुरुवार

वारा आहे की नाही बघितलं नाही.

आई गेली तेव्हा मी सगळं यथासांग केलं. लोक म्हणाले, मुलाने आईचे पांग फेडले. कसले पांग? मला ठाऊकच नव्हतं मी किती देणं लागतो. तिने ते मला कधी कळूच दिलं नाही. इतकं सोसलं आणि वर त्याचा विनोद करून माझ्या हातात खेळणं दिलं. मी त्याच्याशी सहासष्ट वर्षं खेळलो.

आणि तिने इतकं छान लपवलं की तिची नात त्याच गोष्टीच्या भरवशावर जीव पणाला लावायला निघाली होती. आईला हे कळलं असतं तर तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड बंद केलं असतं. तिचा दोष नाही. प्रेमाने रचलेली गोष्ट आम्ही दाखला समजून बसलो.

सकाळी अक्काला चहा नेऊन दिला. म्हणालो, "अक्का, तू मला..."

ती म्हणाली, "साखर कमी आहे." कपातच बघत होती. मी आणखी एक चमचा घातला आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसून राहिलो. तिने माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि कप संपेपर्यंत काढला नाही. एवढं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वारा अनुकूल.

उद्या जायचं. जावयाचा फोन आला, तिकडे लाटांचा आवाज इतका की तो 'काळजी घ्या' म्हणतोय की 'काय झालं' विचारतोय ते कळेना. मी दोन्हींना हो म्हणालो.

बाळ आहे तसंच आहे. आज मी हात ठेवला तेव्हा त्याला सांगितलं, "बस बाबा निवांत. तुला वळायला नको की काही नको. येतात तुला न्यायला." भिंगरी म्हणाली, "बाबा, तुम्ही आता रेडिओपेक्षा बरं बोलता."

संध्याकाळी बाईंना विचारून ती अक्काला घेऊन त्या बोळातून चालून आली. ते दार उघडून बघितलं. आत एक माणूस फरशी पुसत होता. त्याने विचारलं, कुणाला शोधताय? भिंगरी म्हणाली, कुणाला नाही, बघून ठेवतेय. येऊन मला म्हणाली, "साधीच खोली आहे. दिवे फार आहेत."

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी तिला नेलं. स्ट्रेचरवरून जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "येतेच." मग आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं, आणि ती माझा हात सोडेना. नर्स खाली वाकून म्हणाली, "अहो, तुम्ही जाग्याच राहणार आहात. कंबरेखाली बधिर करायचं फक्त. बोलत राहा आमच्याशी." दार बंद झालं.

अक्का बाकावर ताठ बसली होती. दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत गुंतवलेली, मान दाराकडे. ती बघत नव्हती, ऐकत होती. मी म्हणालो, "अक्का, टेकून बस, वेळ लागेल." ती म्हणाली, "माहीत आहे मला किती वेळ लागतो." तिने घरून डबा आणला होता, शाल आणली होती, अंथरायला चादर आणली होती. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाली, "रात्री काढाव्या लागतात."

बऱ्याच वेळाने दारावरचा लाल दिवा लागला. समोरून जाणारा वॉर्डबॉय म्हणाला, "आता सुरू झालं." काहीतरी करायचं म्हणून मी बोळाच्या टोकाच्या यंत्रातून कागदी कपात चहा आणला. एक घोट घेतला, जीभ भाजली. फुंकर मारली, दुसरा घोट घेतला.

दार उघडलं. नर्स बाहेर आली, हातात गुंडाळलेलं काहीतरी. "मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी छान आहेत."

अक्का उठली नाही. "दुसऱ्या कुणाची असेल," ती म्हणाली. "आमचं आत्ताच सुरू झालंय."

"तुमचीच आहे, आजी. अजून टाके घालताहेत, पण बाळाला म्हटलं दाखवून आणू."

"मग आवाज का नाही आला?" अक्काने विचारलं. "मी ऐकत होते. सगळा वेळ ऐकत होते. ती ओरडली कशी नाही?"

"ओरडतील कशाला? त्या तर आमच्याशी गप्पा मारत होत्या. शाळेतल्या कुठल्या मुलाची गंमत सांगत होत्या."

नर्सने कापड बाजूला केलं. लालबुंद तोंड, मिटलेले डोळे, आणि दोन पाय असे वर दुमडलेले की अंगठे जवळजवळ कानांना लागत होते. दोन्ही हात धड होते. ती दोन्ही हात हलवत होती, वर, पार डोक्याच्या वर. मी ते बघत उभा राहिलो. माझ्या मनात एवढंच येत होतं, आई, बघ. आई, तू हे बघायला हवं होतंस. तुझे उपकार मला आज कळले गं.

अक्काने तिच्या तळव्याला बोट लावलं. मग तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. मला वाटलं तिला तहान लागली. पण ती प्यायली नाही. दोन्ही हातांत धरून नुसती बघत राहिली, त्यातून अजून वाफ येत होती.

"गरम आहे रे," ती म्हणाली. "चहा गरम आहे अजून."

आणि अक्का रडायला लागली, कप न सांडता.